गणपतीचं पावतीपुस्तक आणि कबड्डीची मॅट: गावच्या मंडळाला निधी कुठून मिळतो?

येरळाकाठ (तासगाव तालुका)

मंडळी, जाणकारांकडून नेमकी माहिती हवी आहे. गावातलं मंडळ २०११ साली नोंदलेलं आहे. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, दोन्हीची प्रमाणपत्रं आहेत. मुलामुलींचे कबड्डी संघ, एक भजनी मंडळ, एका खोलीत आठशेक पुस्तकांचं वाचनालय, आणि अर्थातच गणेशोत्सव. आजवर सगळं वर्गणीवर चाललं.

आता मॅट हवी आहे, खोलीचे पत्रे काढून स्लॅब टाकायचा आहे, आणि थोडी पुस्तकं. पॅन आहे, ऑडिट दरवर्षी होतं. १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत देणारी आयकर नोंदणी, आता १२एबी) नाही, ८०जी (देणगीदाराला करवजावट देणारी मान्यता) नाही. घटनेप्रमाणे दर तीन वर्षांनी निवड होते, पण २०१७ पासून एकही चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची माहिती) दिलेला नाही. एक गृहस्थ सांगून गेले की कंपनीचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा निधी) आणून देतो, दहा टक्के माझे.

कुठून सुरुवात करावी?


हिशेबनीस (मिरज)

योजना शोधणं आठ दिवस बाजूला ठेवा. आधी दप्तर.

कोणताही निधी देणारा पहिल्यांदा परिशिष्ट १ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, ताजा उतारा मागतो. त्यावर विश्वस्त म्हणून २०१४ च्या कार्यकारिणीची नावं असतील आणि अर्जावर सही आजच्या अध्यक्षांची असेल, तर अर्ज तिथंच थांबला. बदल झाल्यापासून ९० दिवसांत विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट, म्हणजे परिशिष्ट ३, द्यायचा असतो. तुमचे २०१७, २०२० आणि २०२३ असे किमान तीन राहिलेत. तिन्ही वेगवेगळे द्यावे लागतील, प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज, आणि क्रमाने. २०१७ चा मंजूर नसताना २०२३ चा पुढं सरकत नाही, कारण २०२३ ची सभा बोलावणारे पदाधिकारीच नोंदीवर नसतात.

हे रिपोर्ट अडकतात ते ठरलेल्या कारणांनी. घटनेत सभेची नोटीस पंधरा दिवस आधी द्यायची लिहिलेली असते आणि इतिवृत्तात नोटीस आठ दिवसांची दिसते. गणपूर्तीचा आकडा लिहिलेला नसतो. सभासदांची यादी त्या वर्षीची नसून आजची जोडलेली असते. बाहेर गेलेल्या विश्वस्ताचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला नसतो. म्हणून पहिलं काम म्हणजे स्वतःच्या घटनेची प्रत काढून वाचणं. बहुतेक मंडळांनी ती नोंदणीच्या दिवशी शेवटची पाहिलेली असते.

आणि मागच्या तारखेची नवी इतिवृत्तं लिहायला बसू नका. एकाच पेनाने लिहिलेली सहा वर्षांची वही ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. सभा नियमाप्रमाणे झाली नसेल तर तसं मान्य करून आता रीतसर सभा कशी घ्यायची ते वकिलाला विचारा.


कुपवाडकर

दहा टक्केवाल्याला चहा पाजून वाटेला लावा. ते दहा टक्के प्रकल्पाच्या खर्चात दाखवायचे कुठे? दाखवता येत नाहीत, म्हणून बिलं फुगवावी लागतात. आणि उपयोगिता प्रमाणपत्रावर (निधी कशावर खर्च झाला त्याच्या दाखल्यावर) सही तुमच्या अध्यक्षाची आणि सीएची असते, त्या गृहस्थाची नाही.

सीएसआरबद्दल कोरडी माहिती देतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक जरी अट भरली तरी त्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. संस्थेमार्फत काम करायचं तर त्या संस्थेकडे १२एबी आणि ८०जी दोन्ही हवं, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला क्रमांक हवा. हा क्रमांक १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. सीएसआर-१ वर डिजिटल सही लागते आणि सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणन.

आता गोम. कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये, म्हणजे सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत, ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण आहे. प्रशिक्षण, स्पर्धा नव्हे. एकदिवसीय सामने, मॅरेथॉन, बक्षिसं यांचा खर्च सीएसआरमध्ये धरला जात नाही. म्हणून ‘अखिल तालुका कबड्डी स्पर्धेस साहाय्य मिळावे’ हा अर्ज सीएसआर विभागाला निरुपयोगी आहे. तोच खर्च ‘१२ ते १८ वयोगटातल्या ४० खेळाडूंचं वर्षभराचं प्रशिक्षण: मॅट, प्रशिक्षकाचं मानधन, आहार, वैद्यकीय तपासणी’ असा मांडला की वाचला जातो. अर्थात मग ते खरोखर वर्षभर चालवावं लागतं.

कंपनी निवडताना कारखाना कुठं आहे ते बघा. कायद्यातच स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगितलंय. कुपवाड-मिरज एमआयडीसी, किर्लोस्करवाडी, साताऱ्याकडं शिरवळ-खंडाळा. ढालगाव आणि चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या लोकांना दिसतात, पण त्यांच्या मालक कंपन्यांकडं अर्ज करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. कोणत्या कंपनीनं कोणत्या जिल्ह्यात किती खर्च केला ते केंद्राच्या सीएसआर पोर्टलवर जिल्हावार दिसतं. आधी ते बघा, मग पत्र लिहा.


माणदेशी_खडा (आटपाडी)

सगळेच सीएसआर सीएसआर करतात. अहो, आपल्या दोन जिल्ह्यांत पैसा कुणाकडं आहे? साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था, बँका. आणि सहकारी संस्था कंपनी कायद्यात येतच नाहीत, त्यामुळं कलम १३५ त्यांना लागू नाही. सहकारी कारखान्याला ‘तुमच्या सीएसआर फंडातून’ असं लिहिलेलं पत्र गेलं की तिथला हिशेब विभाग हसतो.

त्यांचा रस्ता वेगळा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम ६९. राखीव निधीची तरतूद झाल्यावर निव्वळ नफ्यातला जास्तीत जास्त २० टक्के भाग सहकारी, धर्मादाय किंवा सार्वजनिक कामासाठी बाजूला ठेवता येतो. नफावाटणी वार्षिक सभेत मंजूर होते आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. नफावाटणीचा मसुदा संचालक मंडळ जून-जुलैत करतं. पत्र तेव्हा गेलं पाहिजे. दिवाळीत गेलेल्या पत्राला ‘पुढील वर्षी विचार करू’ हेच उत्तर येणार, आणि ते टाळणं नसून खरंच तसं असतं.

पतसंस्थेकडं पन्नास हजार मागताना तुमचे किती सभासद तिथले खातेदार आहेत ते पत्रात लिहा. दुसरं काही लिहिलं नाही तरी चालेल.


लिंबगाव (सातारा)

माणदेशीराव, अगदी बरोबर. एक भर. नफ्यात नसलेल्या संस्थेकडं जाऊ नका. तिचा अहवाल आधी वाचा, वार्षिक सभेच्या आधी तो छापून सभासदांना मिळतोच. मागच्या वर्षी धर्मादाय निधीत किती टाकले आणि किती खर्च झाले, दोन्ही आकडे त्यात असतात. शिल्लक दिसली तर बोलायला जागा आहे.


येरळाकाठ

बरीच माहिती मिळाली. १२एबी आणि ८०जी काढायचंच, असं ठरवतोय. दोन्हीला एकदम अर्ज करायचा का? आणि गणेशोत्सव मंडळाच्याच नावाने होतो, त्यानं काही फरक पडतो का?


हिशेबनीस

फरक पडतो? सगळा फरक तिथंच पडतो. सविस्तर लिहितो.

८०जी कोणत्याही एका धर्माच्या किंवा जातीच्या लाभासाठी असलेल्या संस्थेला मिळत नाही. धर्मादाय संस्थेला धार्मिक स्वरूपाचा थोडा खर्च चालतो, पण तो वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत. आता मंडळाचा ताळेबंद काढा. वर्षाचं उत्पन्न समजा चार लाख, त्यातले तीन लाख गणपतीची वर्गणी. मूर्ती, मांडव, मिरवणूक, महाप्रसाद मिळून खर्च दोन लाख ऐंशी हजार. म्हणजे सत्तर टक्के. मर्यादा होती वीस हजारांची. असा ताळेबंद जोडून ८०जी मागितलं तर नाकारण्याचं कारण तुम्हीच टाईप करून दिलेलं असतं. आणि ८०जी नाही म्हणजे सीएसआर-१ नाही.

उपाय सरळ आहे, गावाला पटवणं अवघड. उत्सव वेगळा करा. उत्सवाची स्वतंत्र समिती, तिचं स्वतंत्र बँक खातं, तिचं स्वतंत्र पावतीपुस्तक. उत्सवाच्या वर्गणीला विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी दरवर्षी ऑनलाइन घ्यायची आणि उत्सव संपला की हिशेब तिथंच द्यायचा. नोंदणीकृत मंडळाच्या पावतीपुस्तकावर फक्त कबड्डी, भजन वर्ग, वाचनालय. नुसत्या दोन वह्या करून भागणार नाही. पावती ज्या नावाची, उत्पन्न त्याचं.

आणि उत्सवात शिल्लक राहिली म्हणून त्या पैशातून मॅट घेऊ नका. ज्या कारणासाठी वर्गणी मागितली त्याच कारणाला ती लागली पाहिजे.

आता अर्ज. इथं बरेच सल्लागारही चुकतात. नवीन, काम सुरू न झालेल्या संस्थेला तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी असते, त्यासाठी फॉर्म १०ए. तुमचं काम २०११ पासून चालू आहे, त्यामुळं तात्पुरती नोंदणी तुमच्यासाठी नाही. थेट नियमित नोंदणीचा १०एबी भरायचा. १०ए भरून ‘काम सुरू झालेले नाही’ या चौकटीवर खूण करणं म्हणजे खोटी माहिती, आणि ती पुढं नोंदणी रद्द व्हायला पुरते. १२एबी आणि ८०जीचे अर्ज वेगळे, पण एकदमच द्या. अर्ज पुण्याच्या आयकर आयुक्तांकडं, सवलत विभागात जातात. निर्णयाची मुदत अर्ज ज्या तिमाहीत पोचला ती संपल्यापासून सहा महिने, म्हणजे धरून चाला नऊ.

जोडायला लागतं ते असं: घटना आणि नियमावली, दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रं, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, केलेल्या कामाचं टिपण, फोटो, बँक उतारे, केंद्राच्या दर्पण पोर्टलवर (स्वयंसेवी संस्थांची नोंद) मिळालेला क्रमांक. घटनेत विसर्जनाचं कलम बघा. संस्था बंद झाली तर मालमत्ता समान उद्देशाच्या संस्थेला जाईल असं असलं पाहिजे. ‘सभासदांत वाटून घेतील’ असं असेल तर आधी घटना दुरुस्ती.

एक सावधगिरी. वरचे फॉर्म क्रमांक १९६१ च्या कायद्यातले, सगळ्यांच्या तोंडी असलेले. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे, त्यात कलमं आणि फॉर्मचे क्रमांक बदललेत. सीएशी बोलताना क्रमांक न सांगता काम सांगा.


कुपवाडकर

वरच्यात भर. ८०जी मिळालं की देणगीदारांची यादी दरवर्षी ३१ मेपर्यंत ऑनलाइन भरावी लागते. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये. २,००० रुपयांवर रोख दिलेल्या देणगीला देणगीदाराला वजावट नाही. आणि देणगीदार नव्या करप्रणालीत असेल तर त्याला ८०जीचा काडीचा उपयोग नाही, हे त्याला आधीच सांगा, नाहीतर जुलैत भांडायला येतो.

दानपेटी ठेवत असाल तर निनावी रकमेवर लक्ष ठेवा. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यात जे जास्त असेल त्याच्यावरच्या रकमेला ३० टक्के कर आहे.


कृष्णाकाठची_ग्रंथसखी (वाळवा)

वाचनालयाचं कुणीच बोलेना म्हणून लिहिते.

दादा, आठशे पुस्तकं म्हणजे वाचनालय झालं, पण शासनमान्य ग्रंथालय झालं नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता असेल तरच परिरक्षण अनुदान. वर्ग अ, ब, क, ड. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तरी सगळ्यात खालच्या ड वर्गाला वर्षाला ३०,००० चे ४८,००० झाले इतकंच. त्यात ग्रंथपालाचं वेतन, पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज. हे पैसे स्लॅबसाठी नाहीत, आणि हप्त्यांनी येतात. तेव्हा अनुदानावर ग्रंथालय चालेल हे डोक्यातून काढा.

तरीही मान्यतेच्या तयारीला लागा, कारण त्यासाठी ज्या वह्या लागतात त्या सगळीकडं उपयोगी पडतात. दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, सभासद नोंदवही, रोजच्या वाचकांच्या सह्या. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला क्रमांक, किंमत, कुठून आलं ते. भेट आलेल्या पुस्तकांचीही नोंद करायची. ‘भेट’ म्हणून किंमतीचा रकाना मोकळा सोडतात, तिथं तपासणीत शेरा येतो.

पुस्तकांसाठी दुसरा मार्ग कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानचा, १९७२ पासून आहे. राज्याच्या ग्रंथालय संचालनालयामार्फत पुस्तकं, कपाटं, इमारत अशा कामांना मदत मिळते, काही योजनांत राज्याचा वाटा घालून. अर्ज जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून जातो. स्वतःहून कोलकात्याला पाकीट पाठवू नका.


माणदेशी_खडा

भजनी मंडळाचं राहिलं. २०२५ ला गणेशोत्सव राज्य महोत्सव झाला, तेव्हा राज्यातल्या १,८०० भजनी मंडळांना साहित्यासाठी प्रत्येकी २५,००० ची योजना निघाली होती. असल्या योजना पंधरा-वीस दिवसांच्या मुदतीच्या असतात. आपल्या लोकांना ती कळते तेव्हा मुदत संपून मोबाईलवर फिरत असते. मंडळाचा पॅन, बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश, प्रमाणपत्रं, कार्यक्रमांचे तारीख असलेले फोटो, निमंत्रणपत्रिका आणि वर्तमानपत्रांची कात्रणं एका फाईलीत आणि फोनमध्ये पीडीएफ करून ठेवा. धावपळ निम्मी होते.


लिंबगाव

केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची कार्यक्रम आणि निर्मितीला अनुदान देणारी योजना आहे. साधारण मर्यादा ५ लाख. पण खर्चाच्या ७५ टक्केच देतात, पाव हिस्सा मंडळाचा. आणि तो नुसता कागदावर न दाखवता खात्यात दिसला पाहिजे. दर्पण क्रमांक लागतो, नोंदणीला तीन वर्षं झालेली हवीत. भारूड, लळित, लेझीम, गोंधळ यांवर नीट काम करणाऱ्यांनी प्रयत्न करावा. नेहमीच्या गॅदरिंगसाठी नको.

केंद्राचा पैसा आला की उपयोगिता प्रमाणपत्र जीएफआर (केंद्राचे वित्तीय नियम) १२-अ नमुन्यात. स्वतंत्र खातं ठेवा. त्या रकमेवर आलेलं व्याज आपलं नाही, ते दाखवून परत करायचं. पुढचा हप्ता अडतो तो बहुतेक व्याजाच्या चारशे-पाचशे रुपयांवर.


येरळाकाठ

स्लॅबचं कसं? आमदार निधीतून होईल असं सगळे म्हणतात. जागा गावठाणात आहे, नमुना ८ ला (घरपट्टी आकारणीच्या उताऱ्यावर) नाव मंडळाचं नाही, ग्रामपंचायतीचं आहे.


हिशेबनीस

मग मंडळाच्या नावाने बांधकामाचा प्रस्ताव टाकूच नका. आमदार, खासदार निधीचे पैसे मंडळाच्या खात्यात येत नाहीत. आमदार फक्त शिफारस करतात. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग काम शासकीय यंत्रणा करते. जागेचा उतारा ज्याच्या नावाचा, मालमत्ता त्याची.

तुमच्यापुढं दोन वाटा आहेत. एक, ग्रामपंचायतीनं ठराव करून जागा दीर्घ मुदतीच्या नोंदणीकृत भाडेकरारानं मंडळाला द्यावी. ग्रामपंचायत नुसत्या ठरावावर जागा देऊ शकत नाही, वरच्या परवानग्या लागतात, वेळ जातो. दोन, इमारत ग्रामपंचायतीचीच राहू द्या. ‘वाचनालय व व्यायाम सभागृह’ असं काम गावाच्या विकास आराखड्यात घाला आणि वापराचा करार मंडळाशी करा. आराखड्याच्या ग्रामसभा २ ऑक्टोबरपासून सुरू होतात, त्या वेळी ठराव नसेल तर वर्ष गेलं. माझं मत दुसऱ्या वाटेला. मालकीचा मान मिळत नाही, पण घरपट्टी आणि गळती दोन्ही पंचायतीची.

एक सांगून ठेवतो. सभागृह पुढं लग्नाला भाड्यानं द्यायचा विचार असेल तर खेळ आणि लोकोपयोगी कामाच्या संस्थेला व्यावसायिक स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आतच चालते. ओलांडली की त्या वर्षाची करसवलत गेली. मे महिन्यात पाच लग्नं झाली की ओलांडते.


कुपवाडकर

गावचे कुणी परदेशात आहेत का? विचारतो कारण हमखास घोटाळा तिथं होतो. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) असलं तरी, ते पैसे परकीय. एफसीआरए (परकीय देणगी कायदा) नोंदणीशिवाय एक रुपया घेता येत नाही. गावचा सुपुत्र आहे, हे कायद्याला माहीत नसतं. प्रत्येक परदेशी देणगीदाराकडून पासपोर्टची प्रत घेऊनच पावती फाडा.


लिंबगाव

मॅटच्या अंदाजपत्रकाबद्दल. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडं साहित्य आणि क्रीडांगण-व्यायामशाळेच्या अनुदानाचा अर्ज करा किंवा पतसंस्थेकडं जा, दरपत्रक सारखंच लागतं आणि सारखंच चुकतं. ‘कबड्डी मॅट, १ सेट’ असं लिहिलेलं दरपत्रक कामाचं नाही. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे एक मीटर चौरसाचे १३० तुकडे. मुलींचं १२ बाय ८, म्हणजे ९६. एकच मैदान १३ बाय १० चं घ्या आणि आत मुलींच्या रेषा वेगळ्या रंगात आखा. भोवतीच्या मोकळ्या पट्ट्याचे तुकडे वेगळे मोजा. दरपत्रकात जाडी मिलिमीटरमध्ये, तुकड्यांची संख्या, जीएसटी, वाहतूक आणि बसवणं वेगवेगळं हवं. तिन्ही दरपत्रकं एकाच मापावर मागा. एक २५ मिमीचं आणि एक ४० मिमीचं असेल तर तुलनात्मक तक्ता होत नाही आणि फाईल परत येते.

खालची जमीन सपाट कोब्याची हवी. मुरमावर टाकलेली मॅट सांध्यातून उघडते. हे काम अंदाजपत्रकात धरायला लोक विसरतात, मग मॅट येऊन गुंडाळून पडते.


येरळाकाठ

हे खरंच लक्षात नव्हतं, कोबा धरतो. चेंज रिपोर्टसाठी या आठवड्यात घटनेची प्रत काढतोय. शेवटचा प्रश्न: मॅटसाठी एक दुकानदार वीस हजार देतो म्हणतोय, पण मॅटवर दुकानाचं नाव हवं. घ्यावं का?


हिशेबनीस

घ्या, पण देणगीची पावती फाडू नका. मोबदल्यात जाहिरात दिली की ती देणगी राहत नाही. जाहिरातीचं उत्पन्न म्हणून वेगळ्या शीर्षाखाली जमा करा. हेही त्या २० टक्क्यांत धरलं जाईल. ‘यांच्या सौजन्याने’ एवढी आभाराची पाटी भिंतीवर लावायची आणि नाव मॅटवर नको, असं तो मान्य करत असेल तर मात्र देणगी.


लिंबगाव

आणि मॅट आली की त्याच दिवशी जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत नोंद. प्रत्येक तुकड्याच्या मागं रंगानं क्रमांक घाला, १ ते १३०. यात्रेत शेजारच्या गावाला दिली की परत १२६ येतात.


येरळाकाठ

😀 घालतो.